औषधी मच्छरदाणी आणि डीटचं लोशन: डासांचा अख्खा मोसम वापरल्यावर

औषधी मच्छरदाणी आणि डीटचं (डीट म्हणजे डासांना दूर ठेवणारं रसायन) अंगाला लावायचं लोशन, या दोन्ही वस्तू डासांच्या पूर्ण मोसमात रोज वापरल्या, म्हणून आता खात्रीने लिहिते. या दोन्हींतली कुठली चांगली, असं मला बरेच जण विचारतात. पण आधी आपल्याला कुठल्या डासापासून वाचायचंय ते बघायला हवं. मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस रात्री चावतो. डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा एडिस दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि मावळतीच्या आधी जास्त. मच्छरदाणी कितीही भारी घेतली तरी दिवसभर वावरणाऱ्या माणसाला ती डेंग्यूपासून वाचवणार नाही. तान्हं बाळ किंवा दिवसा झोपून असलेला आजारी माणूस घरात असेल, तर गोष्ट वेगळी.

मच्छरदाणीवर मी बेहद्द खूश आहे. साध्या जाळीला झोपेत कोपर टेकलं की डास बाहेरूनच चावतो. या औषधी जाळीच्या धाग्यातच पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक असतं, त्यामुळे तिच्यावर टेकलेला डास बहुधा मरतो. सकाळी पलंगाभोवती मेलेले डास दिसतात. औषध साधारण 20 धुण्यांपर्यंत किंवा 3 वर्षं टिकतं, पण सौम्य साबण वापरून जाळी सावलीत वाळवली तरच. ब्लीच अजिबात नको. वारा कमी लागतो, हे मात्र खरं. आणि फाटते ती हमखास गादीखाली खोचतो तिथेच, पलंगाच्या कोपऱ्याला घासून. भोक दिसलं की लगेच शिवून टाका. जिथले डास पायरेथ्रॉइडला सरावलेत, तिथे पीबीओ (पायरेथ्रॉइडचा जोर वाढवणारं रसायन) मिसळलेली जाळी घ्यावी.

लोशन 30 टक्के डीटचं. टक्के वाढले म्हणजे लोशन जास्त वेळ टिकतं, एवढंच. 50 च्या पुढे तर फारसा फरकच पडत नाही. काम चोख करतं, पण प्लास्टिक खातं. माझ्या चष्म्याच्या काड्या कानामागे चिकट होऊन त्यांची चकाकी गेली. पिकारिडिन या डास दूर ठेवणाऱ्या दुसऱ्या रसायनाचा हा त्रास नाही, आणि 20 टक्क्यांचं पिकारिडिन डासांना तितकंच दूर ठेवतं. सनस्क्रीन लावत असाल तर ते आधी, लोशन त्यावर. लहान मुलांच्या तळहातांना लावू नका, हात थेट तोंडात जातात. 2 महिन्यांच्या आतल्या बाळाला तर लावूच नये, त्याला मच्छरदाणीच बरी.

आवाजाने डास पळवणाऱ्या यंत्रांवर पैसे घालवू नका, त्यांनी डास चावायचे थांबत नाहीत.

ज्याला पैसे लागत नाहीत असं एक काम मात्र या दोन्हींच्या बरोबरीने करा. एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. कुंडीखालची ताटली असो की पिंप, आठवड्यातून एकदा कड ब्रशने खसाखसा घासायची.

पुढच्या मोसमाला मच्छरदाणी हीच राहील. लोशन मात्र पिकारिडिनचं घेणार आहे.