टीबीची इग्रा ब्लड टेस्ट केली, माझा अनुभव
आधी मँटू (हाताच्या त्वचेत इंजेक्शन देऊन करतात ती टीबीची टेस्ट) केली होती, हातावर मोठी गाठ आली, पण बीसीजी (टीबीची लस) घेतलेली असली तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते म्हणून डॉक्टरांनी इग्रा सांगितली. यात रक्तातल्या टी पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पेशी) टीबीच्या जंतूची ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रोटीनं दाखवतात, जुनी ओळख असेल तर पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं प्रोटीन सोडतात आणि तेच मोजतात, बीसीजीत ही प्रोटीनं नसतातच त्यामुळे लसीचा गोंधळ होत नाही, हे मला फार आवडलं. मँटूसारखं ४८ ते ७२ तासांनी हात दाखवायला परत जायचंही नाही. पण जंतू नुसते झोपलेत की आजार चालू आहे हे यातून कळत नाही, त्यासाठी एक्स-रे, थुंकी तपासावीच लागते, आणि इम्युनिटी खूप कमी असेल तर नुसत्या निगेटिव्ह रिपोर्टवर थांबू नका प्लीज.