व्हेयॉनने लॅब बंद-चालू करणं: सत्रभर वापरल्यानंतर

आमची कॉलेजची लॅब म्हणजे ४० पीसी, सगळे विंडोज १०, सगळे वायरवर, डोमेन (सगळ्या मशीनची खाती एका सर्व्हरवरून सांभाळायची सोय) वगैरे काही नाही. संध्याकाळी एकेक मशीन बंद करत फिरायचा वैताग होता. आधी विंडोजचीच रिमोट शटडाउनची सोय वापरून बघितली. रनमध्ये 'शटडाउन स्लॅश आय' टाकलं की खिडकी उघडते, मशीनची नावं भरायची. पण डोमेन नसेल तर बहुतेक वेळा 'ॲक्सेस इज डिनाइड' पदरी पडतं, आणि मग प्रत्येक मशीनवर रजिस्ट्री अन् फायरवॉल उघडून बसा. एवढा खटाटोप करायचाच तर व्हेयॉन काय वाईट?

व्हेयॉन म्हणजे एका पीसीवरून लॅबमधले सगळे पीसी बघायचं आणि सांभाळायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आयटाल्क नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरचाच पुढचा अवतार. हुकूम खऱ्या माणसाचाच आहे हे पटवायला त्यात दोन चाव्यांच्या फाइली असतात: पब्लिक की प्रत्येक मशीनवर, प्रायव्हेट की फक्त सरांच्या पीसीवर. प्रायव्हेट की पेनड्राइव्हवर फिरू देऊ नका, नाहीतर भर प्रॅक्टिकलमध्ये कुणीतरी पोरगं लॅब बंद करून दाखवेल.

बंद करण्याचं काम झकास. लगेच बंद, समोरच्याला विचारून बंद किंवा ठरावीक वेळेनंतर बंद, असे पर्याय मिळतात. मी तिसरा वापरतो. प्रत्येक स्क्रीनवर उलटी मोजणी सुरू झाली की पोरं धडाधड सेव्ह मारतात, ओरडावं लागत नाही.

खरी डोकेदुखी 'पॉवर ऑन' बटणाची, आणि त्यात व्हेयॉनचा दोष नाही. हे चालतं वेक-ऑन-लॅनवर, म्हणजे बंद मशीनला नेटवर्कवरून जागं करायच्या सोयीवर. १०२ बाइटचं पॅकेट जातं, आधी एफएफचे ६ बाइट, मग मशीनचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) १६ वेळा. म्हणजे व्हेयॉनच्या कॉन्फिगरेटरमध्ये मॅक बिनचूक हवा, बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या, मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) वेक-ऑन-लॅन चालू हवं, ईआरपी (बंद मशीनची वीज तोडणारी सेटिंग) बंद हवं आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअपही (लवकर चालू व्हावं म्हणून मशीन अर्धवटच बंद करणारी सोय) बंद. सोपी खूण सांगतो: मशीन बंद केल्यावर मागे लॅन पोर्टचा दिवा बघा. तो विझलेला असेल तर कार्डाला करंटच नाही, बटण कितीही दाबा.

एवढं सगळं जमवलं, तरी शिपाईमामा रात्री मेन स्विच पाडतात. शेवटी बायोसमध्ये लाइट आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग लावली. आता सकाळी मामांनी मेन वर केला की लॅब उठते. फक्त दुपारी लाइट जाऊन आली की रिकामी लॅबही जागी होते, तेव्हा मी स्टाफरूममधूनच ती पुन्हा बंद करतो.