कुर्ल्याचे काढीव ब्रेक पार्ट: लोखंड घ्या, रबर सोडा

मुंबईत जुन्या गाडीचा सुटा भाग शोधायचा म्हटलं की पावलं कुर्ला पश्चिमेच्या सीएसटी रोडकडे वळतात. दिव्यापासून इंजिनापर्यंत सगळा काढीव, म्हणजे जुन्या गाड्यांतून उतरवलेला, माल तिथे मिळतो. पण ब्रेकसाठी तिथे जावं का, हे गाडीवर अवलंबून आहे. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी तिच्या डिस्क, पॅड, व्हील सिलिंडर नवे सहज मिळतात. त्यासाठी भंगार धुंडाळण्यात अर्थ नाही. सिएलो, ओपल अ‍ॅस्ट्रा, काँटेसा यांना मात्र आता वाली उरलेला नाही. त्यांच्यासाठी या बाजाराला चांगला पर्याय नाही.

घेण्यासारखी वस्तू म्हणजे कॅलिपरची, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची, बॉडी आणि ब्रॅकेट. इथला बराच माल डिझेलने धुऊन वर जुनं इंजिन ऑइल फासलेला असतो, म्हणून तो काळाभोर चमकतो. त्या चमकेवर जाऊ नका. ब्रेकच्या रबराला पेट्रोलियमचं तेल अजिबात सोसत नाही. सील फुगतं आणि पिस्टन अडकतो, त्यामुळे आतलं रबर गेलेलंच समजायचं. बघायचा तो पिस्टन. डस्ट कव्हर बाजूला करा, फडक्याने पुसा आणि पिस्टनच्या अंगावरून नख फिरवा. सील जिथे घासतं तिथे नख गंजाच्या खड्ड्यात अडकलं, तर तो पिस्टन बाद. पिस्टन ठीक असेल, तर दुकानदाराकडूनच एअर निपल, म्हणजे आतली हवा काढायचा स्क्रू, सोडवून घ्या. निपल आत तुटलं तर ते त्याच्या दुकानात तुटलेलं बरं. गाइड पिन हाताने सरकायला हव्यात.

जोडी मागितली तर दोन वेगळ्या गाड्यांचे कॅलिपर हातात पडू शकतात. दोन्ही पिस्टनचा व्यास व्हर्नियरने मोजा. २-३ मिमीचा फरक असला तरी ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. डावा-उजवाही तपासा. बसवल्यावर निपल वरच्या टोकाला यायला हवं. ते खाली आलं तर वरची हवा बाहेर पडत नाही आणि कितीही एअर काढली तरी पेडल मऊच राहतं. आणखी एक, त्या मापाचं सील किट बाजारात आहे का, हे कॅलिपरचे पैसे देण्याआधी विचारा.

‘बसतंय साहेब, सेमच आहे,’ हे वाक्य इथे सारखं कानावर पडतं. चार बोल्ट जुळले म्हणजे पार्ट जुळला असं होत नाही. डिस्कची मधली टोपी किती उंच आहे ते मोजा, नाहीतर डिस्क कॅलिपरच्या मध्यात येत नाही. पाइपचं बारकं वेगळंच. जपानी घराण्याच्या गाड्यांत आणि ओपलसारख्या युरोपी गाड्यांत पाइपच्या नटाचा आटा बहुधा एकच, १० मिमी आणि १ मिमी पिचचा. पण पाइपच्या टोकाची घडी वेगळी असते. जपानी टोक आत दुमडलेलं, फनेलसारखं. युरोपी टोक बुडबुड्यासारखं फुगीर. नट सहज आवळला जातो, पण बैठक जुळत नाही. जोरात ब्रेक दाबला की तिथूनच ऑइल पाझरतं. म्हणून कॅलिपर किंवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा) दुसऱ्या घराण्याचा घेत असाल, तर त्याच्याबरोबरचा पाइपचा वीतभर तुकडाही कापून मागा.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ड्रमवर कमाल व्यास. डिस्कच्या काठाला न झिजलेला ओठ राहतो आणि व्हर्नियर त्यावरच टेकतो, म्हणजे जाडी जास्त दिसते. दोन्ही बाजूंना एकेक सारखं नाणं ठेवून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. सात-आठ ठिकाणी माप घ्या. मर्यादेला टेकलेली डिस्क लेथवर घासून द्यायची तयारी दुकानदार दाखवेल, पण घासल्यावर ती मर्यादेखालीच जाणार, घेऊ नका. ड्रम बोटावर लटकवून पान्याने हलकेच ठोका, माठ घेताना ठोकतात तसा. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.

मास्टर सिलिंडर शक्यतो नवाच घ्या. काढीव घेणं भागच असेल तर बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाच्या व्यासाचं, माप तेच हवं. बोअर मोठा झाला तर पेडल कडक होतं आणि पाय जास्त दाबावा लागतो. लहान झाला तर पेडल खोल जातं. आत नखाला रेघ लागली तर सोडून द्या. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी होन करून, म्हणजे आतून घासून, भागत नाही, आतला कडक थर निघून जातो. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर मात्र इथे चांगला मिळू शकतो. मास्टर बसतो त्या तोंडातून आत टॉर्च मारा. ब्रेक ऑइल दिसलं तर नको. बसवताना पुशरॉडची, म्हणजे मास्टरला ढकलणाऱ्या दांड्याची, लांबी जुन्याशी ताडून बघा. जरा लांब झाला तरी ऑइल परत यायचं छिद्र झाकलं जातं आणि ब्रेक लागलेलेच राहतात.

पॅड, शू, रबरी होज आणि व्हील सिलिंडर काढीव घेऊ नका, फुकट मिळाले तरी.

निवडीला हा बाजार उत्तम आहे, पण पार्ट कुठल्या गाडीचा हे सांगण्याच्या बाबतीत अगदीच कच्चा. जुना पार्ट, व्हर्नियर आणि टॉर्च सोबत न्या, दिवसाउजेडी जा, बिलावर गाडीचं नाव आणि ‘न बसल्यास परत’ असं लिहून घ्या. बिल द्यायलाच जो तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका. चोरीचा माल अंगाशी येतो.

घरी आल्यावर पार्ट ब्रेक क्लीनरने धुवा, नवं किट ब्रेक ऑइल लावूनच बसवा आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या क्रमाने एअर काढा. पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, २० च्या वेगाने. पाच-सहा किलोमीटरनंतर थांबून चारही चाकांजवळ हात न्या. एखादं चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम लागलं, तर तो कॅलिपर पुन्हा उघडा.