अंबाजोगाईतला ‘व्यवहार आणि परमार्थ’ अभ्यासवर्ग

आद्यकवी मुकुंदराजांचे समाधिस्थान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंबाजोगाईत अद्वैतावर बोलणारे कमी नाहीत. परंतु व्यावहारिक सत्य आणि पारमार्थिक सत्य एवढाच विषय घेऊन तो क्रमाने शिकवणारा वर्ग क्वचितच मिळतो, म्हणून येथील एका संस्थेच्या सशुल्क अभ्यासवर्गाविषयी लिहीत आहे.

वर्गाची मांडणी शंकराचार्यांच्या अद्वैत वेदान्तातील सत्याच्या तीन पातळ्यांवर आधारलेली आहे. अंधारात दोरीवर भासणारा साप प्रातिभासिक (नुसता भास), दोरी व्यावहारिक (रोजच्या व्यवहारात खरी) आणि ज्याचा कशानेही बाध होत नाही, म्हणजे जे कधीच खोटे ठरत नाही, ते ब्रह्म पारमार्थिक (अंतिम सत्य), हे बहुतेकांनी कीर्तनात ऐकलेले असते. पण ब्रह्मज्ञान होईपर्यंत व्यवहार आपल्या जागी प्रमाणच असतो, हा सहसा निसटणारा मुद्दा येथे सर्वाधिक वेळ देऊन समजावला जातो. सोयाबीन पाण्यात गेले आणि विम्याचे पैसे आले नाहीत, हेही मिथ्याच समजायचे का, असे एका वयस्कर शेतकऱ्याने विचारले तेव्हा हशा पिकला. व्याख्याते मात्र हसले नाहीत. “काका, नुकसान व्यवहारातले आहे, तर भांडायचेही व्यवहारातच. ब्रह्म पुढे करून कोणी तुमचा दावा टाळत असेल, तर त्याला वेदान्त कळलेला नाही,” असे त्यांनी सांगितले. माझे शुल्क तिथेच वसूल झाले.

बौद्ध विचारावरील सत्राने मात्र निराशा केली. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने आपल्या मूलमध्यमककारिका या ग्रंथाच्या २४व्या प्रकरणात संवृतिसत्य (व्यवहारातले सत्य) आणि परमार्थसत्य (अंतिम सत्य) असा भेद करून, व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ शिकवता येत नाही, असे म्हटले आहे. इथपर्यंत नीट सांगून, त्याचे शून्य आणि शंकराचार्यांचे ब्रह्म एकच, असे म्हणत विषय गुंडाळण्यात आला. वस्तुतः ब्रह्म निरपेक्ष, म्हणजे कशावरही अवलंबून नसलेले, आहे, तर नागार्जुनाची शून्यता म्हणजे कोणत्याही वस्तूला स्वतंत्र स्वभाव नसणे. शून्यतेचीच दृष्टी धरून बसणाऱ्यांना त्याने असाध्य म्हटले आहे. अजिंठा ज्या मराठवाड्यात आहे, तेथे आणि बौद्ध घरांतले श्रोते समोर बसलेले असताना ही घाई खटकते. प्रत्येक विधान एका विशिष्ट दृष्टीनेच खरे असते, असे मानणाऱ्या जैनांच्या स्याद्वादाचा तर उल्लेखही झाला नाही.

चहा वेळेवर मिळतो, टिपणांची झेरॉक्स पुसट आहे. बैठक सतरंजीवर असल्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनी खुर्चीचे आधीच सांगून ठेवावे. वेदान्ताची ओळख करून घ्यायची असेल तर वर्ग अवश्य करावा. केवळ बौद्ध दर्शनासाठी जाणार असाल, तर ते सत्र नव्याने आखले जाईपर्यंत थांबणे बरे.