पहाटेच्या नदीसाठी ८×४२ दुर्बीण: चाक सोडलं तर झकास

आधी एक खुलासा. माझं पक्षी बघणं म्हणजे थंडीत, एकट्यानं, झुंजुमुंजू व्हायच्या सुमारास नदीकाठची पायवाट धरायची आणि ऊन चढलं की मागे फिरायचं. भर दुपारी ही दुर्बीण कशी चालते, हे मला विचारू नका. शिवाय मला चष्मा आहे आणि पन्नाशी उलटली आहे. या दोन्ही गोष्टींमुळे माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं असू शकतं.

दुर्बीण मधल्या किमतीच्या वर्गातली, रूफ प्रिझमची (म्हणजे आतले लोलक असे की नळ्या सरळ राहतात), साधारण ७०० ग्रॅमची. ८×४२ मधला ८ म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसतो, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. घेताना सगळे १०×४२च्या मागे लागतात, कारण दहा पट म्हणजे पक्षी मोठा. पण अर्धवट उजेडात हिशेब वेगळा असतो. ४२ला ८ने भागा, सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटरचं प्रकाशाचं वर्तुळ डोळ्यात उतरतं. दहा पटीत ते ४.२ मिलिमीटर होतं. डोळ्याची बाहुली पुरेशी उघडत असेल, तर आठ पटीतलं चित्र दीडपटीहून थोडं जास्तच उजळ. मग ८×५६ का नको? त्यातलं वर्तुळ ७ मिलिमीटरचं, आणि तेवढी बाहुली तरुणपणी उघडते. माझ्या वयाला तो जादा प्रकाश वाया, वजन मात्र गळ्यात.

आठ पटीचा दुसरा फायदा एकट्या माणसालाच कळतो. ‘त्या वाळक्या फांदीच्या डावीकडे बघ’ असं सांगणारं सोबत कुणी नसतं. हिचं दृश्य हजार मीटरवर साधारण १३५ मीटर रुंद आहे, त्यामुळे उडालेला पक्षी पुन्हा सापडतो. काठ चढून धाप लागलेली असताना हात हलतात, ते हलणंही आठ पटीत सोसण्याजोगं असतं.

आता खरी परीक्षा. पाण्याकाठच्या दगडावर शेपूट खालीवर करणारी तुतारी, म्हणजे काठावरचा एक लहान पक्षी, बसली होती. साधी की हिरवी? उजेड एवढा कमी की पाठीचा रंग सांगता येईना. मग ती उडाली. पंखांवर पांढरी रेघ नाही, शेपटीच्या वरचा भाग मात्र पांढराशुभ्र. म्हणजे हिरवी तुतारी. नुसत्या डोळ्यांना तिथे एक काळपट ठिपका सरकताना दिसला असता. खंड्याच्या बाबतीत तर मी हिच्यावर खूशच आहे: पलीकडच्या काठावर बसलेल्या लहान खंड्याच्या चोचीचा खालचा भाग तांबूस दिसला, तेव्हा ती मादी आहे हे ठरलं. एवढ्याशा जागेतला रंग त्या उजेडात दिसणं ही भिंगांवरच्या लेपांची करामत. रूफ प्रिझममध्ये प्रकाशाच्या दोन वाटा थोड्या बेताल होतात आणि बारकावे पुसट होतात; त्यावरचा फेज लेप झाइसनं १९८८मध्ये आणला. आता तो मधल्या वर्गातही मिळतो, पण खोक्यावर लिहिलंय का ते बघून घ्या. बगळ्याच्या कडेला मात्र जांभळट रेघ दिसते, पांढरा पक्षी आणि मागे काळी झाडी असली की हमखास. मला ती खुपत नाही.

खुपतं ते फोकसचं चाक. घरात लोण्यासारखं फिरणारं हे चाक कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं, कारण आतलं ग्रीस आखडतं. हातमोजे घालून तर बोट नुसतं घसरतं. खंड्या जवळच्या फांदीवरून सुटून पाण्यालगत सरळ रेषेत निघतो, आणि चाक तिथवर पोचेपर्यंत वळणाआड गेलेला असतो. आता मी चालतानाच फोकस नदीच्या मधल्या खडकांवर लावून ठेवतो. आठ पटीत मागचंपुढचंही बऱ्यापैकी स्पष्ट राहतं. पण ही माझी तडजोड झाली, कंपनीचं कौतुक नव्हे.

‘फॉगप्रूफ’ या शब्दावर मात्र भाळू नका. आत नायट्रोजन भरलेला असल्यानं वाफ धरत नाही ती आतल्या बाजूनं. बाहेरच्या काचेवर तुमचाच श्वास बसतो. मफलर नाकापर्यंत ओढला की सगळी वाफ वर, थेट चष्म्यावर आणि आयपीसवर, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगावर. तो हनुवटीखाली घ्या. गारठलेली दुर्बीण उबेसाठी जॅकेटच्या आत सरकवू नका, अंगाची दमट ऊब लगेच काचेवर जमते. परतल्यावरही ती बंद पिशवीतच राहू द्या, खोलीइतकी कोमट झाली की बाहेर काढा.

चष्मेवाल्यांसाठी: रबरी कडा खाली दुमडल्यावर मला पूर्ण वर्तुळ दिसतं. डोळा आयपीसपासून किती लांब ठेवता येतो, हा आकडा १६ मिलिमीटरच्या खाली असेल तर घेऊ नका.

सोबतचा पट्टा अरुंद आहे, मानेला काचतो. खांद्यांवर वजन घेणारं हार्नेस वेगळं घेतलं. पुढच्या भिंगांची लोंबती झाकणं चालताना जॅकेटच्या झिपवर टकटक वाजतात. राखी बगळा एवढ्यानंही उडतो, म्हणून ती काढून कपाटात टाकली आहेत.