चिल्ड्रन्स बुकशेल्फ: बातम्या भरपूर, धीर मात्र शोधून काढावा लागतो

मुलांसाठी लिहिणारे किंवा चित्रं काढणारे कुणी विचारतात की बाबा प्रकाशनाच्या जगात काय चाललंय ते कळायला काय वाचू, तर हमखास पहिलं नाव येतं चिल्ड्रन्स बुकशेल्फचं, म्हणजे पब्लिशर्स वीकली या अमेरिकन प्रकाशन व्यवसायाच्या साप्ताहिकाच्या मुलांच्या पुस्तकांवरच्या बातमीपत्राचं. ईमेलवर येतं, मंगळवारी आणि गुरुवारी, फुकट. मूळ साप्ताहिक १८७२ पासूनचं आहे, त्याची वर्गणी वेगळी, पण हे पत्र मिळायला तिची गरज नाही. मी चित्रं काढते, थोडंफार लिहिते, आणि बऱ्याच काळापासून हे वाचतेय, म्हणून म्हटलं एकदा नीट सांगावं की यात नेमकं काय मिळतं आणि काय मिळत नाही, कारण नवीन माणूस अपेक्षा भलतीच ठेवतो आणि मग दोन महिन्यांत अनसबस्क्राइब करून मोकळा होतो.

सगळ्यात आधी मी उघडते ते राइट्स रिपोर्ट. कुठल्या संपादकाने कुठलं पुस्तक घेतलं याची छोटी छोटी टिपणं, साचा ठरलेला: प्रकाशन, संपादक, पुस्तकाचं नाव, गोष्ट कशाबद्दल आहे ते एका वाक्यात, कधी येणार, कुठल्या एजंटने (लेखकाच्या वतीने पुस्तक विकणाऱ्याने) विकलं, आणि हक्क जगभरचे की फक्त उत्तर अमेरिकेचे. वरवर एकदम रटाळ. पण ते मधलं एक वाक्य आहे ना, सगळा माल तिथे आहे. समजा अंधाराला घाबरणाऱ्या घुबडाची गोष्ट असेल तर 'मैत्रीचं महत्त्व सांगणारी हृदयस्पर्शी कथा' एवढ्यावर भागत नाही, घुबडाला काय हवंय आणि आडवं काय येतंय ते दिसावं लागतं. अशी टिपणं सलग वाचत गेलात की आपल्या गोष्टीचं असं वाक्य होतंय का हे आपोआप तपासायला लागता, आणि होत नसेल तर बहुतेक वेळा दोष वाक्याचा नसतो, गोष्टीचाच असतो. यासाठी लोक पैसे भरून कोर्स करतात.

दुसरी गोष्ट तारखा. आज जाहीर झालेलं चित्रपुस्तक दोन-दोन, कधी तीन वर्षांनी येणार असतं, कारण मजकूर घेतल्यावर चित्रकार ठरायचा, त्याला वेळ मिळायचा, मग कच्ची रेखाटनं, फायनल चित्रं, छपाई. हे एकदा डोळ्याखालून गेलं की 'माझंच काम रखडलंय' ही चिडचिड बरीच कमी होते. आणि 'आधी चित्रकार शोधू का?' या सगळीकडे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं. बऱ्याच टिपणांत लेखकाने नुसता मजकूर विकलेला असतो आणि चित्रकार नंतर जोडलेला असतो, तिकडच्या मोठ्या प्रकाशनांत चित्रकार निवडणं हे साधारणपणे संपादक आणि आर्ट डायरेक्टरचं काम. दोन्ही कामं करणारा असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यामुळे मैत्रिणीकडून बत्तीस पानं रंगवून घेऊन मग पाठवायची धडपड करू नका, तिचाही वेळ जातो.

पैशांचं मात्र इथे सहसा काही कळत नाही. त्यासाठी पब्लिशर्स मार्केटप्लेस नावाची वेगळी, पैसे घेणारी सेवा आहे, आणि तिची अॅडव्हान्सचे, म्हणजे प्रकाशक लेखकाला आगाऊ देतो त्या रकमेचे, आकडे सांगायची सांकेतिक भाषा मजेशीर आहे. 'नाइस डील' म्हणजे ४९ हजार डॉलरपर्यंत काहीही, म्हणजे हजार डॉलरसुद्धा नाइसच बरं का. 'मेजर डील' म्हणजे पाच लाखांच्या वर. शिवाय यातले एजंटचे पंधरा टक्के जातात, आणि चित्रपुस्तकात लेखक-चित्रकार वेगळे असतील तर रॉयल्टी साधारण अर्धी-अर्धी. दुसऱ्याचं डील वाचून पोटात दुखायला लागलं की हा हिशेब एकदा कागदावर मांडायचा, दुखणं थांबतं.

व्यवसायाच्या मोठ्या बातम्या हे पत्र चांगल्या देतं, सरळ भाषेत आणि आरडाओरड न करता. पेंग्विन रँडम हाऊस या बड्या प्रकाशनाला सायमन अँड शूस्टर हे दुसरं बडं प्रकाशन विकत घ्यायचं होतं ते २०२२ मध्ये अमेरिकन कोर्टाने अडवलं, मग पुढच्या वर्षी ते केकेआर या गुंतवणूक कंपनीने १.६२ अब्ज डॉलरला घेतलं. आता चित्रकाराला याच्याशी काय देणंघेणं? तर बोली लावणारे कमी झाले की अॅडव्हान्स खाली येतो, हाच तर त्या खटल्यातला मुख्य मुद्दा होता. पण कोर्टाने विचार केला तो अडीच लाख डॉलर आणि वरच्या अॅडव्हान्सच्या पुस्तकांचा, म्हणजे आपल्यासारख्यांच्या गल्लीपासून बरंच लांब. ही दुसरी अर्धी बाजू कुठलीही बातमी तुम्हाला उलगडून सांगणार नाही, ती आपली आपणच लावून घ्यायची.

इटलीतल्या बोलोन्याच्या पुस्तक-जत्रेच्या दिवसांत (१९६४ पासून भरतेय, मुलांच्या पुस्तकांचे हक्क विकण्यासाठी याहून मोठी जागा नाही) पत्र इतकं लांबलचक होतं की मी फक्त चित्रं बघते. जानेवारीत न्यूबेरी आणि कॅल्डेकॉट हे मुलांच्या पुस्तकांचे अमेरिकन पुरस्कार जाहीर झाले की मात्र अक्षर न अक्षर वाचते. ज्यांना पदक मिळालं त्यांना फोन आला तेव्हा ते काय करत होते, काय बोलले, फोन उचललाच नाही वगैरे. कॅल्डेकॉट १९३८ पासून चित्रकाराला दिलं जातं, लेखकाला नाही, त्यामुळे तो एक दिवस आम्हा रंगवाल्यांचा.

आता मुख्य तक्रार. धीर देणं हे या पत्राचं कामच नाही. त्यात जिंकलेले दिसतात, विकलेलं दिसतं, साभार परत आलेलं दिसतच नाही, आणि आपल्या इनबॉक्समध्ये तर तेच जास्त असतं. आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी नकारही येत नाही, अमुक महिन्यांत उत्तर नाही आलं तर नाही समजा असं आधीच लिहून ठेवतात, म्हणजे रडायला तारीखसुद्धा मिळत नाही. वर्षातून दोनदा फ्लाइंग स्टार्ट्स नावाचं सदर येतं, पहिलंच पुस्तक आलेल्या लेखक-चित्रकारांवर, तेवढं जरूर वाचा. पहिलं पुस्तक म्हणजे पहिलं लिहिलेलं असेलच असं नाही, हे त्यातून कळतं आणि बरं वाटतं. बाकी वेळ हे मासळी बाजाराच्या भावफलकासारखं आहे, भाव बरोबर असतात पण तुमचं जाळं फाटलंय का ते कुणी विचारणार नाही.

म्हणून याच्या जोडीला दुसरं काहीतरी लावाच. जानेवारीतलं स्टोरीस्टॉर्म हे ऑनलाइन आव्हान चांगलं आहे, महिनाभरात तीस कल्पना लिहायच्या, अख्खी गोष्ट नाही, नुसत्या कल्पना, त्यातल्या पंचवीस भंगार निघाल्या तरी चालतात, त्यामुळे हात चालू राहतो. १९७१ पासून चालणारी एससीबीडब्ल्यूआय ही मुलांच्या लेखक-चित्रकारांची संस्था आहे, तिला वर्गणी पडते, पण तिथे आपल्यासारखे अडकलेले लोक भेटतात, आणि मला विचाराल तर 'तू करू शकतेस' छापाच्या दहा मेसेजपेक्षा 'तुझ्या सातव्या पानावर मी हरवलो' सांगणारा एक माणूस जास्त कामाचा.

अजून एक, हे सगळं अमेरिकेचं आणि इंग्रजीचं आहे. मराठीत काम करणाऱ्याने यातल्या एजंट, अॅडव्हान्स, लिलाव या गोष्टी माहितीपुरत्या घ्याव्यात, पण एका वाक्यात गोष्ट सांगणं आणि चित्रांना लागणारा वेळ हे दोन्ही कुठल्याही भाषेत तेच राहतं. चित्रकारांनी एआय आणि कॉपीराइटच्या बातम्यांवरही नजर ठेवा. २०२३ मध्ये अमेरिकन कॉपीराइट ऑफिसने एका कॉमिकचा मजकूर आणि मांडणी मान्य केली पण मशीनने बनवलेल्या चित्रांना संरक्षण नाकारलं. करारात तुमच्या चित्रांबद्दल काय लिहिलंय ते वाचताना हे माहीत असलेलं बरं.

माझ्याकडून साडेतीन स्टार. बातम्यांना साडेचार दिले असते, धीराला दोन. वेगळा फोल्डर करा, मंगळवार-गुरुवार सकाळी उघडू नका, काम झाल्यावर संध्याकाळी उघडा, कारण सकाळी दुसऱ्याचं तीन पुस्तकांचं डील वाचलं की त्या दिवशी ब्रश काही हातात येत नाही. बेस्टसेलरची यादी तर सरळ खाली ढकला, तिथे वर्षानुवर्षं जुन्या मालिकाच ठाण मांडून बसलेल्या असतात.