मालवणचा किनारा की सावंतवाडीकडचा पायथा: घर कुठे बांधायचं?

रिटायर झाल्यावर सिंधुदुर्गात घर बांधायचं म्हणणारे बरेच जण डिसेंबरात येतात, समुद्र बघतात, सोलकढी पितात आणि तिथेच टोकन देऊन मोकळे होतात. डिसेंबरात काय सगळीकडेच छान असतं हो! जिल्हा बघायचा तर जुलैत आणि मेमध्ये.

वेंगुर्ल्याहून आंबोलीला गाडीने दोन तासांच्या आत पोचता, पण तेवढ्यात पाऊस दुपटीच्या वर जातो. किनाऱ्याला वर्षाला साधारण ३००० मिमी आणि आंबोलीला ७००० च्याही पुढे, कारण समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला आपटून वर चढतात आणि तिथेच रिकामे होतात. सावंतवाडी, दोडामार्ग या दोन्हीच्या मधे, म्हणजे ओल भरपूर. कपाटातल्या चामड्याच्या बेल्टला बुरशी, भिंतींना शेवाळ, आणि मीठ तर जुलैत डब्यातच पाणी सोडतं.

किनाऱ्याला ओल आहेच, वर खारं वारं. खिडकीचे गज, गेटच्या बिजागऱ्या, एसीचं बाहेरचं युनिट, सगळ्याला गंज. लोखंड कमी वापरा, चिऱ्याच्या भिंती आणि कौलं बरी. शिवाय भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत सीआरझेड, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेला किनारपट्टा लागतो, त्यामुळे एजंट 'सी-टच' म्हणाला की आधी नकाशा मागा. वादळाचंही बघा, मे २०२१ मध्ये तौक्ते नुसतं बाजूने गेलं तरी माड आडवे झाले आणि लाईट कित्येक दिवस नव्हती.

उन्हाळ्यात मात्र किनारा जिंकतो. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, घाम येतो पण भाजत नाही. आत कुडाळ-सावंतवाडीकडे मेची दुपार तापते, त्याबदल्यात थंडीतली पहाट खरंच गार, किनाऱ्यावर पंखा क्वचितच बंद होतो.

आता खरा मुद्दा, पाणी. एवढा पाऊस पडून एप्रिलमध्ये टँकर का, असं पाहुण्यांना वाटतं. जांभा दगड सच्छिद्र, पाणी मुरतं आणि उतारावरून झऱ्यांनी निघूनही जातं, नद्या आखूड, सगळं लगेच खाडीला. देवगडकडच्या कातळावर तर मातीच नावाला, हापूसला ती जमीन चालते, माणसाला विहीर लागते. खाडीजवळ खोल गेलात तर पाणी मचूळ. पायथ्याला व्हाळाशेजारी (ओढ्याशेजारी) विहिरी जास्त टिकतात, पण नदीकाठ घेऊ नका, तेरेखोल भरली की बांद्याच्या बाजारात पाणी शिरतं.

बागायत करायची असेल तर हापूसला देवगडचा पट्टा, काजूला आतला डोंगरउतार. दोडामार्गात तिलारीकडे जागा स्वस्त मिळते म्हणून हुरळू नका, तिथे हत्ती येतात आणि केळी-माड ठेवत नाहीत.

मला विचाराल तर दोन्ही टोकं सोडा, कुडाळच्या आसपास समुद्रापासून पंधरा-वीस किलोमीटर आत बघा. मिठाचा त्रास कमी, रेल्वे स्टेशन हाताशी, हायवे जवळ, आणि मासे काय रोज सकाळी दारात येतातच. फक्त शेतजमीन घेत असाल तर शेतकरी दाखला लागतो आणि सातबाऱ्यावर नावं किती ते मोजा, आमच्याकडे एका गुंठ्याला चौदा काका असतात. आणि व्यवहाराआधी मेच्या दुसऱ्या आठवड्यात येऊन शेजाऱ्याच्या विहिरीत डोकावून बघा, मालकाच्या नको.